माळ्याचा खर्च

चिपळूणच्या बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान काढायचं म्हणून दर्शनाने बँकेसाठी खर्चाचा अंदाज लिहिला, तेव्हा सगळ्यात वर शिलाई मशिनं नव्हती, माळा होता. छताला लागून लोखंडी माळा, आणि पाणी चढायला लागलं की मशिनं वर ओढायला चेनपुली. दोन हजार एकवीसच्या पुरात ती दुसऱ्याच्या दुकानात कामाला होती. पाणी ओसरल्यावर पाच मशिनांतला चिखल तिने टूथब्रशने खरवडला होता, तरी त्यातलं एकही पुन्हा चाललं नव्हतं.

बँकेतल्या साहेबांनी माळ्यावर लाल रेघ मारली.

"शिवणकामाला माळा कशाला? असले लाड बँकेच्या पैशाने नकोत."

"लाड? ओ साहेब, मी हात उंच केला तरी दुकानाच्या भिंतीवरल्या पुराच्या खुणेला पोचत नाही. मशिनांना पोहायला शिकवू काय?"

"पूर काय रोज येतो, मॅडम? एवढा आकडा काढा, आत्ता मंजूर करतो."

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मशिनं तरी हवी होती. दातओठ खात तिने खाली सही ठोकली.

साहेबांनी खूश होऊन फाइल मिटली आणि शिपायाला हाक मारली.



"काशीराम, ही लगेच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा. पावसाळा तोंडावर आलाय, खाली एक कागद राहता कामा नये!"