गाऊनमधली पेनल्टी

सतरा ऑगस्टला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, बायकोचा फुलाफुलांचा गाऊन घालून पाक सुकामदींनी पेनल्टीवर गोल मारला. म्हणजे, असं काही झालंच नाही. गल्लीच्या वहीत सामना शून्य-शून्य आहे, आणि खाली गल्लीप्रमुख पाक मारवोतोंची सही आहे. (आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषांना 'पाक' म्हणतात.)

इंडोनेशियाच्या या स्वातंत्र्यदिनी जावातल्या आमच्या गल्लीतले पुरुष गाऊन घालून फुटबॉल खेळतात. का, ते विचारायचं नसतं. सुकामदी दरवर्षी नुसती शिट्टी वाजवायचे. चौदा वर्षं ते मोठ्या क्लबचे फॉरवर्ड होते, एकशे बारा गोल मारले. पण गल्लीला पाठ होता एकच, न झालेला. सव्वीस वर्षांपूर्वी फायनलमध्ये त्यांची पेनल्टी बारवरून थेट नारळाच्या झाडात गेली आणि पुढच्याच आठवड्यात त्यांच्या घरी दोन दरवाजांचा फ्रिज आला; गल्लीने दोन्हींचा हिशोब जुळवला. फ्रिज सासऱ्यांनी दिला होता. सासरे वारले. फ्रिज अजून चालतो.

यंदा एक गडी आजारी पडला म्हणून त्यांना खेळावं लागलं. शेवटच्या मिनिटाला कोणीतरी स्वतःच्याच गाऊनमध्ये पाय अडकून पडला आणि त्यांच्या संघाला पेनल्टी मिळाली. सगळे दोन पावलं मागे सरकले.

गोलमध्ये मीटबॉलवाला गुनादी होता. "काका, कुठे मारणार ते आधीच सांगून टाका," तो ओरडला. "तुम्हाला सवय आहे ना!"

"तुझ्या उजव्या हाताला," सुकामदी म्हणाले.

आणि तिथेच मारला. गुनादीने डावीकडे उडी घेतली. हा माणूस खरं बोलेल असं कोणाला वाटणार?

टाळी वाजली नाही.

"म्हणजे येत होतं तर!" कोणीतरी म्हणालं.

"गाऊनमध्ये जमतं, बुटात बरं नाही जमलं."

"आणि गुनादीचे मीटबॉल कोणाच्या फ्रिजमध्ये असतात, ते विचारा आधी."

गुनादी खाली बघायला लागला. मीटबॉल खरंच तिथेच असायचे.

मारवोतोंनी गाऊन सावरत वही उघडली. "शांततेसाठी ही पेनल्टी झालीच नाही, असं ठरवू. बक्षिसाची बादली दोन्ही संघांकडे सहा-सहा महिने."

"आणि चुकली असती तर?" सुकामदींनी विचारलं.

"मग काही प्रश्नच नव्हता, पाक. ती तुमची नेहमीची."

घरी त्यांच्या बायकोने, लास्त्रीने, गाऊनवरचा चिखल बघितला. गार पाण्याची बाटली काढली आणि फ्रिजचं दार धरून तशीच उभी राहिली. सव्वीस वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"अहो, हा बाबांनीच दिला होता ना?"

"तूच तर उतरवून घेतलास टेम्पोतून. बाबा पुढे बसले होते."

"हो," ती म्हणाली. "तरी पण."

पाणी न पिता सुकामदी अर्ज लिहायला बसले.

'प्रति, स्पर्धा समिती, फुटबॉल महासंघ. खाली सही करणाऱ्याची सव्वीस वर्षांपूर्वीची पेनल्टी त्याच मैदानावर, त्याच गोलकीपरसमोर पुन्हा घेण्यात यावी. मैदानावर आता मॉल आहे याची अर्जदाराला कल्पना आहे; पार्किंगमध्ये चालेल. गोलकीपर हयात नाहीत. त्यांची जागा मोकळी ठेवल्यास हरकत नाही. चेंडू त्यांच्या उजव्या हाताला जाईल, हे अर्जदार आधीच लेखी कळवत आहे. तसेच अर्जदाराच्या पत्नीसाठी गोलच्या अगदी मागे, नीट दिसेल अशा ठिकाणी, एक खुर्ची मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.'