रिकामा गळ

मुलांनो, डोळे मिटा आणि गोठलेलं तळं बघा. बर्फात पाडलेल्या भोकाशेजारी बादल्या पालथ्या घालून आठ वर्षांची आयली आणि तिचे आजोबा बसलेत.

गळाला अळी लावायची आयलीला किळस यायची. "आण इकडे, भित्री भागूबाई," म्हणत तिचा भाऊ ओनी आपले हातमोजे काढून अळी लावून द्यायचा. गेल्या हिवाळ्यात ओनी याच तळ्यात बुडाला.

"आजोबा, मी रिकामाच गळ सोडलाय."

"मग मासे हसतील तुला. आणि लहान लागला तर परत सोडायचा हं."

तिने दोरी ओढली. गळाला अळी वळवळत होती.

आजोबांच्या खिशातला अळ्यांचा डबा अजून उघडलाच नव्हता.

आयलीने आपले दोन्ही हातमोजे काढले आणि अलगद त्या भोकात सोडले.