दुसरा खांदा

शनिवार पेठेतल्या सरदारवाड्याच्या तळघरात मच्छिंद्र हाडवैद्य उतरला, तेव्हा सोनबा मोतद्दार भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात मांडीवर मेल्यासारखा पडला होता. सरदारांचा पुतण्या रुसून घोड्यावरून निघून गेला होता. कुठे गेला ते घोड्याची निगा राखणाऱ्या सोनबाला ठाऊक असणारच, असा वहीम होता. म्हणून सकाळी त्याचे हात मागे बांधून त्याला तुळईला टांगलं होतं.

मच्छिंद्रने खांदा चाचपला. गोलाई गेली होती, वर बोट रुतेल असा खड्डा पडला होता. दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून सुटून काखेकडे उतरला होता.

"बसवू नका, वैद्यबुवा," सोनबा हळूच म्हणाला. "बसला की परत टांगत्याल."

"तसाच ठेवला तर हात वाळेल."

"वाळू द्या. वाळल्याला हात कोन टांगतंय."

मच्छिंद्रने त्याची बोटं दाबून पाहिली. ती गार पडली होती. जिन्याच्या तोंडाशी कारभारी श्रीनिवासपंत उभे होते. मच्छिंद्र त्यांच्याकडे वळला.

"पंत, सूज फार आहे. महिनाभर या खांद्याला हात लावता यायचा नाही."

"नका लावू," पंत म्हणाले. "डावा शाबूत आहे ना?"

 मच्छिंद्रने सोनबाला आडवं केलं, काखेत टाच रोवली आणि मनगट धरून सावकाश ओढू लागला. सोनबाने ओठ चावला. हाड खोबणीच्या काठाशी अडलं, घुटमळलं आणि खट्कन आत गेलं. मच्छिंद्रने आपलंच उपरणं सोडून तो हात छातीशी बांधला आणि जिना चढू लागला.

"निघालात कुठे?" पंतांनी विचारलं.

"घरी. जेवायचा खोळंबा झालाय."

"आणि उद्या डाव्यासाठी पुन्हा माणूस धाडायचा, आपण पुन्हा यायचं. कशाला एवढी दगदग? राहा इथंच. ताट येईल."

दार लागलं. बाहेरून अडसर पडला. मच्छिंद्रने एकदा दाराला खांदा लावून पाहिला, मग अंधारात चाचपडत खाली आला.

सोनबा बांधलेला हात सांभाळत बाजूला सरकला आणि घोंगडीवर त्याच्यासाठी जागा केली.