पुन्हा विचारण्याआधी

या, असे जवळ येऊन बसा. एका लेकीची आणि तिच्या बाबांची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, पण मन लावून ऐका.

लेक प्रोग्रॅमर, घरूनच काम करणारी. एके दुपारी इस्पितळाच्या रक्तपेढीचा सर्व्हर बंद पडला होता. वॉर्डावॉर्डांतून रक्ताची मागणी पाठवणारा तिचा प्रोग्रॅम एररवर एरर दाखवत होता. सर्व्हर सुरू केला की घटकाभर चालायचा आणि परत कोसळायचा.

शेजारी खाटेवर बाबा. अर्धांगाचा झटका आला तेव्हा देवाने जीव राखला, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं करा, शब्द येतील. म्हणून कामातून मान वळवून ती विचारत राही.

"बाबा, पाणी हवंय? उशी देऊ? खिडकी लावू का?"

बाबांचे ओठ हलू लागत, तोवर पुढचा प्रश्न. शेवटी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात ऑफिसातल्या ताईंचा फोन आला. "अगं बाई, मागणी फसली रे फसली की तुझा प्रोग्रॅम लगेच पुन्हा पाठवतोय. तेही सगळ्या वॉर्डांतून! तो बिचारा सर्व्हर जरा उठून बसतोय, की तुम्ही सगळे त्याच्या उरावर!"

"मला वाटलं, विचारत राहिलेलं बरं."

"विचार ना. पण फसलं की थोडं थांब. परत फसलं की त्याच्या दुप्पट थांब. आणि सगळे वॉर्ड एकदम नकोत."

तिने तसं लिहिलं. सर्व्हर उठला आणि या वेळी उभा राहिला. एकेक मागणी पोचू लागली.

"सुटलीस! जा, पाय मोकळे कर," ताई म्हणाल्या.

ती उठली ती थेट खाटेच्या कडेला जाऊन बसली.

"बाबा, काय हवंय?"

त्यांनी मान वळवली. ओठ हलले, थांबले. पुढचा प्रश्न तिच्या जिभेवर आला होता, तो तिने गिळला. ओठ पुन्हा हलले, पुन्हा थांबले. ती बसून राहिली. खिडकीतलं ऊन चादरीवरून सरकत त्यांच्या हातावर आलं.

"तू..." बाबा म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "जेवलीस?"

मंडळी, तुम्ही कुणाला हाक मारलीत आणि लगेच ओ आली नाही, तर या बाबांची आठवण ठेवा.