पाठीवरचं नाव

कॉलेजच्या आइस हॉकी टीमचा तो पहिलाच सीझन. फॉर्म भरून घेणाऱ्या अरब क्लार्कला नीरवच्या वडिलांचं नाव म्हणजेच आडनाव वाटलं, आणि जर्सीच्या पाठीवर छापून आलं ‘उपेंद्र’. नीरव वैतागला, बदलून घेणार होता. पण त्याच महिन्यात बाबा गेले आणि तो विषय खलास झाला.

मग शारजातल्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर नीरवची आई कुंदा एकटी. भेटायला येणारे ‘तुमचे मिस्टर’ म्हणायचे, नाव कोणीच घ्यायचं नाही. तिने तरी कुठे घेतलं होतं? लग्नात उखाण्यापुरतं, तेवढंच. पुढे बावीस वर्षं नुसतं ‘अहो’.

शेवटच्या मॅचला मात्र ती हट्टाने गेली. “ममा, यू विल बी द ओन्ली पेरेंट देअर,” नीरव म्हणाला होता, आणि झालंही तसंच. बाहेर रणरणतं ऊन, आत ती स्वेटर घालून रिकाम्या खुर्च्यांमध्ये बसलेली.

खेळता खेळता चकती नीरवकडे आली. बाकावरची मुलं काचेवर हात आपटत ओरडायला लागली, “यल्ला, उपेंद्र! उपेंद्र!”

कुंदा चपापली. तिने आजूबाजूला पाहिलं. मग उभी राहून तीही ओरडली, “उपेंद्र!” आधी हळू, मग जोरात.

भोंगा वाजला, मॅच संपली. मुलं कपडे बदलायला आत निघून गेली.



रिकाम्या बर्फाकडे बघत कुंदा अजून हाका मारत होती.