देवी आली नाही

संबळ वाजून वाजून थकला, मी केस मोकळे सोडून बसले होते, पण अंगात देवी आलीच नाही.

एरवी दर नवरात्रात अष्टमीला येते. ती आली की नवरा माझे पाय धरतो, सांगेल ते मुकाट ऐकतो. अकरावीतल्या आमच्या प्राचीचं लग्न त्यानं ठरवलंय. ते आज देवीच्या तोंडून मोडायचं होतं.

नवरा कानाशी वाकला. "गोळी गिळलीस न्हवं सकाळी?" ज्यानं कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, तो महिनाभर स्वतःच्या हातानं मला गोळी भरवत होता.

छातीत धडधडायचं म्हणून ती सुरू झाली. डॉक्टरीणबाई आम्हा दोघांना म्हणाल्या होत्या, "भीती वाटली, चेव आला, की अंगात एक रस सुटतो. हृदयावर त्याची ठरलेली जागा असते, तिथं बसला की धडधड सुरू. ही गोळी ती जागा आधीच अडवते." मी नुसतं ऐकलं. त्यानं डोक्यात ठेवलं.

"आई कोपली वाटतं," एक म्हातारी पुटपुटली.

"कोपली कशाची, रजेवर गेलीया!" दीर म्हणाला. माणसं हसली.

मला रागही आला नाही. आत सगळं गार होतं. देवी नव्हती, आणि नवऱ्यासमोर वाटणारी भीतीही नव्हती. तिचीही जागा गोळीनं अडवली होती.

मी केस बांधून उठले. "देवी न्हाय आली. मीच सांगते. पोर सोळाची आहे. लग्न लावलंत तर पोलिसांत जाईन."

त्यानं हात उगारला. मी बघत उभी राहिले. थरथर त्या हातालाच सुटली होती.