पोटाबाहेरचं पाणी

"बाळाला आमची हरकत नाही, ताई. पाणी तेवढं ओतून टाका," विमानतळावरचा सुरक्षा तपासनीस म्हणाला.

विशाखाने ट्रेमधली प्लास्टिकची गर्भपिशवी उचलून छातीशी धरली. आतल्या सातशे मिलिलिटर पाण्यात सहाव्या महिन्यातलं तिचं बाळ पाय झाडत होतं. उद्या चेन्नईला त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं नाही, तर ते जगणार नव्हतं.

"आणि आत्ता पुढे सोडलीत त्या गरोदर बाईच्या पोटातलं पाणी?"

"ते अंगात आहे. तुमचं सामानात आहे. सामानात शंभर मिलिलिटरच चालतं."

"तान्ह्या मुलांच्या दुधाला सूट देता ना?"

"देतो की. जन्मदाखला दाखवा, लगेच सोडतो."

जे जन्मलंच नाही त्याचा दाखला कुठून आणायचा, हे नियम लिहिणाऱ्या शहाण्याला कुणी विचारलं नव्हतं.

मागून एकजण खेकसला, "ओ बाई, आटपा की! आमचं विमान चुकवताय."

विशाखाचं डोकं फिरलं. तिने पिशवी तपासनिसापुढे धरली. "घ्या! तुमच्या हातानेच ओता. झाकण वर आहे."

तिला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल. त्याने हातमोजे चढवले आणि पायाने बादली पुढे सरकवली.

तिने पिशवी हिसकावून घेतली आणि रांगेतून मागे फिरली. चेन्नईचं विमान अगदी वेळेवर सुटलं.